ट्रॅक्टर मोकळा व्हावा म्हणून मोठा हार्वेस्टर

जुना हार्वेस्टर विकून मोठा, तोही सेकंडहँड, का घेतला हे विचारणारे फोन गेल्या खरिपापासून थांबलेले नाहीत. कुणाला किंमत हवी असते, कुणाला पंजाबात कुठे गेलो होतो ते, आणि बहुतेकांना हे की नवा का नाही घेतला. आमच्या घरात हार्वेस्टरची वही माझ्याकडे असते. बुकिंग, डिझेल, उधारी, सुटे भाग, सगळं तिच्यात आहे. तेव्हा सगळ्यांना एकदाच सविस्तर सांगते.

जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या बाजूला आमचं गाव. आबा म्हणजे माझे सासरे, आमचे हे, धाकटे भाऊजी आणि चुलत सासऱ्यांचा वाटा मिळून बत्तीस एकर एकत्र वाहतो. खरिपात सोयाबीन, थोडी तूर, थोडी हळद. रब्बीत हरभरा आणि पाणी पुरेल तिथे गहू. २०१७ साली आम्ही ट्रॅक्टरवर बसवायचा हार्वेस्टर घेतला होता, बारा फुटी कटरचा. त्याने घरचं काम केलं, गावचं केलं, स्वतःचे पैसे फेडले. त्याच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नाही. पण त्याला आमचा एकुलता एक मोठा ट्रॅक्टर लागायचा. तो चढवायला मेकॅनिक आणि चार माणसांचा अख्खा दिवस, उतरवायला पुन्हा तेवढाच. एकदा चढला की दसऱ्यापासून दिवाळी होईपर्यंत ट्रॅक्टर त्याच्या पोटात.

आणि नेमके तेच दिवस हरभऱ्याच्या पेरणीचे.

कोरडवाहू काळ्या रानात हरभरा येतो तो सोयाबीनने मागे ठेवलेल्या ओलीवर. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरच्या उन्हात वरची चार बोटं माती बघता बघता सुकते. वाफसा असेल तोवर पाळी घालून पेरलं तर उगवण एकसारखी होते. आठ-दहा दिवस हुकले की दाणा कोरड्या मातीत पडतो, मग कुठे उगवतो कुठे नाही, नाही तर स्प्रिंकलर लावा. सगळ्या गावाचं सोयाबीन आम्ही काढून द्यायचो, गावाची पेरणी वेळेत व्हायची, आणि आमचा हरभरा सगळ्यांत शेवटी पडायचा. मध्ये भाड्याचा ट्रॅक्टर बघायला जावं तर त्या पंधरवड्यात तो कुणाकडेच रिकामा नसतो. आबा नुसते बांधावर उभे राहून रानाकडे बघायचे. वहीत भाड्याची जमा दिसायची. हरभऱ्याचा गेलेला उतारा कुठल्याच पानावर नव्हता. २०२३ च्या रब्बीनंतर मी तो मांडला. आमची शेवटची दहा एकरं आणि शेजारच्यांची वेळेवर पेरलेली दहा एकरं, एकाच ओळीत. एकरी दोन ते अडीच क्विंटलचा फरक होता. त्यावर घरात आणखी बोलावं लागलं नाही.

म्हणजे आम्हाला हवा होता स्वतःचं इंजिन असलेला हार्वेस्टर. कटर चौदा फुटी आहे, टाकी मोठी आहे, तासाला एक-सव्वा एकराच्या जागी दोन-अडीच एकर निघतं, हे सगळं चांगलंच. पण मोठा घेण्याचं खरं कारण हे की ट्रॅक्टर मोकळा व्हावा.

नव्याचं कोटेशन सव्वीस लाखांच्या घरात आलं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून अनुदान मिळू शकत होतं, पण ते फक्त नव्या यंत्राला, आणि निवड होईपर्यंत वाट बघावी लागली असती. अनुदान धरूनही हप्ता एवढा बसत होता की एखाद्या वर्षी पावसाने सोयाबीन झोपवलं तर तो भरायचा कशातून, याला उत्तर नव्हतं. २०१९ चा ऑक्टोबर आठवा. काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं होतं, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले होते. त्या वर्षी कुणी कुणाला भाडं मागायचं? हार्वेस्टरची कमाई वर्षाच्या दोन-अडीच महिन्यांत होते, हप्ता बारा महिन्यांचा असतो. म्हणून ठरलं की सहा-सात वर्षं चाललेलं यंत्र घ्यायचं आणि कर्ज दोन वर्षांत फिटेल एवढंच काढायचं. माझी एक अट होती, सोनं गहाण पडणार नाही. ती सगळ्यांनी मान्य केली.

नांदेडचा आणि पंजाबचा संबंध हजूर साहिबमुळे जुना आहे, आणि शेतकऱ्यांना तो हार्वेस्टरमुळेही माहीत आहे. गहू-हरभऱ्याच्या वेळी पंजाबच्या टोळ्या आमच्याकडे उतरतात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, बाहेर रस्त्याच्या कडेला त्यांची यंत्रं ओळीने उभी असतात. त्यातले एक पाजी वर्षानुवर्षं आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मुक्काम करतात. त्यांनीच सांगितलं की घ्यायचं तर गव्हाचा हंगाम संपल्यावर या. कंबाइन, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेले हार्वेस्टर, मध्य प्रदेश, राजस्थान फिरून घरी परततात, आणि ज्यांना बदलायचं असतं ते तेव्हा विक्रीला काढतात. शिवाय पंजाबात भात कापणाऱ्या कंबाइनला सुपर एसएमएस, म्हणजे मागे पडणारा पेंढा बारीक करून पसरवणारं यंत्र, बंधनकारक झालं. त्याला इंजिनाची ताकद जास्त लागते, त्यामुळे बरेच मालक जुनं काढून नवं घेतात. आपल्याला सोयाबीन-हरभऱ्याला त्याची गरज नाही.

२०२४ च्या जूनमध्ये परभणीहून सचखंड एक्सप्रेसने आम्ही तिघं निघालो. हे, भाऊजी आणि मी. मी कशाला, असं शेजारी-पाजारी बोलणं झालं. पैसे आणि कागद माझ्याकडे होते म्हणून मी. त्या गाडीत ठिकठिकाणी लंगर मिळतो, घरून नेलेल्या दशम्या तशाच राहिल्या. नाभा, भादसों, मालेरकोटला, बरनाला हा सगळा पट्टा कंबाइन बनवणाऱ्यांचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने, वेल्डिंगची दुकानं आणि जुन्या यंत्रांची आवारं. एका नजरेत इतकी यंत्रं बघून भाऊजी आधी गप्पच झाले.

जुनं यंत्र रंगवून उभं करतात, त्यामुळे बाहेरून सगळी सारखीच दिसतात. पाजींनी जे शिकवलं ते लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. सकाळी लवकर जायचं, मालकाने चालू करून ठेवायच्या आत. इंजिनाला हात लावायचा, गार आहे ना बघायचं, आणि मग आपल्यासमोर चालू करायला सांगायचं. गार इंजिन एका दमात उचललं पाहिजे. चालू असताना तेल भरायचं झाकण उघडायचं. तिथून धुराचे लोट येत असतील तर इंजिन खोलून दुरुस्त करायला आलंय. मग कटर वर उचलून तसाच ठेवायचा आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत तो खाली बसला असेल तर हायड्रॉलिक गळतंय. मागच्या स्टेअरिंगच्या चाकांना धरून हलवायचं. चासीवर एक्सलच्या जवळ नवं वेल्डिंग दिसतंय का बघायचं.

मी बघितली ती टाकीखालच्या ऑगरची, म्हणजे दाणे पुढे ढकलणाऱ्या स्क्रूची, पन्हाळ. भाताचं तूस कानशीसारखं खरखरीत असतं, ज्या यंत्राने भात फार कापलाय त्याच्या ऑगरखालचा आणि एलिव्हेटरचा पत्रा झिजून कागदासारखा होतो, आणि तिथे रंगाचा फवारा पोचत नाही. झाकण उघडून हात घातला की बोटांना कळतं. आवडलेल्या पहिल्या यंत्राचा पत्रा माझ्या बोटाखाली दबला. बाहेरून ते नव्यासारखं होतं. ते सोडलं. जे घेतलं त्याचा रंग उडालेला होता, एका बाजूचं टायर गुळगुळीत होतं, पण पन्हाळ जाड होती, मळणीच्या ड्रमच्या पट्ट्या अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होत्या, आणि काड हलवत मागे नेणारे स्ट्रॉ वॉकर हाताने फिरवल्यावर एकसारखे हलत होते. इंजिन लेलँडचं. त्याचे सुटे भाग आमच्याकडे ट्रकच्या कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात, तेवढी एक काळजी कमी.

कागदांत घाई करू नका. दुसऱ्या राज्यातलं यंत्र म्हटलं की तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि नावावर करायला २९ आणि ३०. यंत्रावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आम्ही विसार देऊन घरी आलो, एनओसी निघाल्यावर बाकीचे दिले, आणि मगच ट्रेलर भरला. कटर वेगळा काढून मागे ठेवलेला. दिल्ली, ग्वाल्हेर, झाशी, नागपूर करत ट्रेलर यवतमाळवरून आला. यंत्र १२ लाख ६० हजार, ट्रेलर १ लाख १० हजार, टायर, बेल्ट, ब्लेड आणि इतर दुरुस्ती ८५ हजार. एकूण १४ लाख ५५ हजार. जुना ४ लाख ७५ हजारांना वाशिमकडच्या एका शेतकऱ्याने नेला. हळदीला त्या वर्षी भाव चांगला होता, त्यातले तीन लाख घातले, बँकेचं कर्ज पाच लाख, आणि उरलेले एक लाख ऐंशी हजार बचत गटातून आणि घरातून.

पोळ्याच्या सुमाराला, सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, परभणी-हिंगोलीकडे काय पाऊस झाला ते इकडच्या लोकांना सांगायला नको. नदीकाठची रानं खरवडून गेली. जी वाचली त्यांचं सोयाबीन उशिरापर्यंत हिरवं राहिलं आणि मग सगळं एकदम पिकलं. प्रत्येकाला आजच हार्वेस्टर हवा.

यंत्र मोठं आहे म्हणून आपोआप चांगलं काढत नाही. आमचा पहिला आठवडा सेटिंगमध्ये गेला. गव्हाला ड्रम मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या पुढे फिरतो. सोयाबीनला तो साडेचारशे-पाचशेपर्यंत खाली आणावा लागतो आणि खालची जाळी थोडी मोकळी ठेवावी लागते, नाही तर दाण्याची डाळ होते आणि मोंढ्यात आडत्या मूठभर माल हातावर पसरून भाव पाडतो. भाव तसाही रडतच होता. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता, पुढे नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्के केली. तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता.

पण सोयाबीनचं मोठं नुकसान ड्रममध्ये होत नाही, ते पुढे कटरवरच होतं. शेंगा जमिनीपासून चार बोटांवर लागतात. कटर उंच राहिला की खालच्या शेंगा धसकटावरच राहतात, आणि पीक कटरकडे ओढणारी रील जोरात फिरली की वाळलेल्या शेंगा तडकून दाणे बाहेर उडतात. हे डोळ्यांना दिसत नाही, कारण वर गुळी, म्हणजे मळलेल्या काडाचा भुसा, पसरलेली असते. म्हणून मी तारेचा एक फूट बाय एक फूट चौकोन करून घेतला. यंत्र पुढे गेलं की मागे तो कुठेही टाकायचा, गुळी हाताने बाजूला करायची आणि दाणे मोजायचे. शंभर दाण्यांचं वजन बारा ग्रॅम धरलं तर चौकोनात दहा दाणे म्हणजे एकरी अर्धा क्विंटल रानात पडला. पहिल्या दिवशी सोळा-सतरा सापडायचे. आबा गुडघे टेकून माझ्यासोबत मोजायला बसले. भाऊजींनी रीलचा वेग कमी केला, यंत्राच्या चालीपेक्षा जरासाच जास्त ठेवला, कटर खाली घेतला, बोथट ब्लेड बदलले. आकडा पाच-सहावर आला. दुपारी कडक उन्हात तो पुन्हा वाढतो. म्हणून अकराच्या सुमाराला दव उडालं की सुरुवात करायची, भर दुपारी चाल कमी ठेवायची आणि उरलेलं संध्याकाळी ओढायचं. आता ज्याच्या रानात यंत्र जातं त्याच्याच हातात मी तो चौकोन देते. त्यालाच मोजू दे.

घरच्या बियाण्याचा प्लॉट मात्र आम्ही यात घालत नाही. एमएयूएस-१६२ हे परभणी विद्यापीठाचं वाण उंच वाढतं, यंत्राने काढायला सोपं, पण बियाण्याच्या दाण्याला आतून मार बसला तर पुढच्या जूनमध्ये उगवणीत दिसतं. तो प्लॉट गावातल्या बायका हाताने कापतात आणि थ्रेशरवर साडेतीनशे-चारशे फेऱ्यांत निघतो. काढणीच्या गुत्त्यावर ज्यांचं घर चालायचं त्यांच्यातल्या काही माझ्या बचत गटात आहेत. त्यांचं काम यंत्राने कमी केलं, हे खरं आहे आणि मला ते लागतं. बियाण्याचे प्लॉट, पाणथळ कोपरे, यंत्र जात नाही ती धुऱ्याकडची पट्टी, हे काम त्यांनाच द्यायचं असं आम्ही बुकिंग घेतानाच सांगतो.

गुळीची तक्रार रास्त आहे. थ्रेशरवर तिचा ढीग लागतो आणि जनावरांना वर्षभर पुरतो; हार्वेस्टर ती रानभर उधळतो. ज्याच्याकडे बैल-म्हशी आहेत त्याने निदान दोन एकर थ्रेशरवर काढावं, असं मी स्वतः सांगते, भाडं गेलं तरी.

आता लहान शेतकऱ्यांचं. चौदा फुटी कटर पाणंद रस्त्यातून जात नाही. तो काढून ट्रॉलीवर मागे ओढायचा, रानात पुन्हा जोडायचा, प्रत्येक वेळी अर्धा तास. त्यामुळे सगळीकडे असंच होतं की मोठ्या रानवाल्याचं आधी आणि एक एकरवाल्याचं सगळ्यांत शेवटी, पाऊस गाठतो तो त्यालाच. मी बुकिंग नावाने घेणं बंद केलं, जमिनीच्या गट नंबरने घेते. एका शिवारातले पाच-सहा जण मिळून दहा एकर झाले की यंत्र तिथे जाणार, कटर एकदाच सुटणार, आणि त्यात एक एकरवाला ज्या जागी असेल त्या जागीच त्याचा नंबर. यावरून दोन मोठे गिऱ्हाईक नाराज होऊन दुसऱ्याकडे गेले. जाऊ देत.

हिशेब असा आहे. सोयाबीनला भाडं एकरी २,२०० रुपये. त्यातून डिझेल साडेसहा-सात लिटर म्हणजे सहाशेच्या वर, ड्रायव्हर-हेल्परचे अडीचशे, आणि बेल्ट-ब्लेड-बेअरिंगसाठी शंभर मी वेगळे काढते. खरिपात घरचं धरून ३४० एकर झालं. जुन्यावर त्याआधीच्या वर्षी २१० झालं होतं. ऐन गर्दीत स्ट्रॉ वॉकरचं बेअरिंग गेलं, नांदेडहून आणेपर्यंत दिवस बुडाला. तेव्हापासून त्या मापाची बेअरिंगं, दोन मुख्य बेल्ट, ब्लेड आणि रिव्हेट घरातल्या पेटीत असतात. कर्जातले अडीच लाख दिवाळीनंतर भरले.

आणि ट्रॅक्टर? पुढे सोयाबीन निघत होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानात आमचे हे पाळी घालत होते. आमची हरभऱ्याची शेवटची तिफण दिवाळीच्या आत उठली. या घरात मी आल्यापासून हे पहिल्यांदा झालं. निम्म्या रानात फुले विक्रम या वाणाचा हरभरा पेरला, तो उंच आणि उभट वाढतो, म्हणून मार्चमध्ये तोही याच हार्वेस्टरने काढला. उगवण एकसारखी होती, आणि शेवटच्या त्या दहा एकरांचा उतारा शेजारच्यांच्या बरोबरीने आला. आबांनी मोंढ्यातून विक्रीची पट्टी आणली ती स्वतः माझ्या वहीत चिकटवली.

आता मे महिन्यात ड्रमच्या पट्ट्या बदलणार आहोत, त्याच वेळी जाळी आणि वॉकर खाली उतरतील. ज्यांना जुनं यंत्र घ्यायचंय त्यांनी तेव्हा आखाड्यावर यावं. आतून उघडलेलं बघितलं की पंजाबात काय तपासायचं ते नीट लक्षात येईल. खरिपाचं बुकिंग जूनपासून घेईन. फोन करताना गट नंबर आणि शेजारी कोण कोण येणार, हे दोन्ही सांगा.